लवादाची मुदत संपत आलीये? कोर्टातून मुदतवाढ घेण्याची वाट

१८ महिने. देशांतर्गत व्यावसायिक लवादाची, म्हणजे कोर्टाऐवजी नेमलेल्या व्यक्तीपुढे वाद सोडवण्याच्या प्रकरणाची, फाइल पहिल्यांदा हातात आली की आधी हा आकडा पक्का करा. निकालासाठीच्या या मुदतीतले १२ महिने कायद्याने दिलेले असतात आणि ६ महिने दोन्ही पक्ष संमतीने वाढवू शकतात. त्यापुढचा एकेक दिवस कोर्टाच्या आदेशाशिवाय मिळत नाही. मुदत संपली आणि कोर्टाचा आदेश नसला, तर लवादाचा अधिकार, म्हणजे ज्याला सगळे मँडेट म्हणतात, तो संपतो. लवाद, म्हणजे इथे निवाडा करणारी माणसं, कितीही ज्येष्ठ असोत, निवृत्त न्यायमूर्ती असोत, त्यांना स्वतःची मुदत स्वतः वाढवता येत नाही.

नव्याने वकिली सुरू केलेले, कंपनीच्या कायदा विभागात नुकतेच रुजू झालेले आणि स्वतःचीच थकबाकी वसूल करायला निघालेले छोटे कंत्राटदार यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. अर्ज तसा अवघड नाही. कोर्टं बहुतेक वेळा मुदत देतात. वेळ जातो तो तारखा नीट न मोजल्याने आणि अर्ज उशिरा टाकल्याने.

थोडी पार्श्वभूमी

१९४० च्या जुन्या कायद्यात अवॉर्डसाठी, म्हणजे लवादांच्या निकालासाठी, ४ महिन्यांची मुदत होती आणि कलम २८ खाली कोर्ट ती वाढवून देई. १९९६ च्या लवाद कायद्याने ही मुदतच काढून टाकली. प्रकरणं वर्षानुवर्षं रेंगाळायला लागली, तेव्हा २०१५ च्या दुरुस्तीने मुदत ठरवणारं कलम २९-ए आलं. ते २३ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. मग ३० ऑगस्ट २०१९ पासून आणखी एक दुरुस्ती लागू झाली आणि मोजणीची सुरुवातच बदलली. म्हणून २०१९ च्या आधीचा एखादा निकाल वाचताना तो कोणत्या मजकुरावर दिलाय ते आधी पाहा. इंटरनेटवर जुन्या मजकुरावर बेतलेले लेख अजून भरपूर सापडतात.

पायरी १: मुदत कधी सुरू झाली ते शोधा

पूर्वी लवादांना नेमणुकीची लेखी सूचना मिळाली त्या दिवसापासून १२ महिने मोजायचे. आता प्लीडिंग पूर्ण झाल्यापासून मोजायचे. प्लीडिंग म्हणजे क्लेमचं निवेदन आणि बचावाचं निवेदन. कलम २३(४) सांगतं की लवादांना, तीन असतील तर तिघांनाही, नेमणुकीची लेखी सूचना मिळाल्यापासून ६ महिन्यांत प्लीडिंग पूर्ण व्हायला हवं.

समजा, तीन लवादांपैकी शेवटच्याला सूचना मिळाली ८ जानेवारी २०२५ ला. प्लीडिंगची मुदत ८ जुलै २०२५ पर्यंत. प्रत्यक्षात बचावाचं निवेदन २० जूनला दाखल झालं आणि लवादांनी तशी नोंद केली. मग १२ महिने २० जून २०२६ च्या आसपास संपतात आणि संमतीचे ६ महिने धरले तर २० डिसेंबर २०२६ ला. पहिला दिवस धरायचा की सोडायचा, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. स्वतःच्या डायरीत एक दिवस अलीकडचाच लिहा, म्हणजे १९ डिसेंबर.

कागदावर हे सोपं दिसतं. खरी अडचण असते ती प्लीडिंग पूर्ण कधी झालं यावर. क्लेमंट, म्हणजे दावा करणारा, रिजॉइंडर (बचावाला प्रत्युत्तर) दाखल करतो. सामनेवाला उलट दावा आणतो आणि त्यावर पुन्हा बचाव येतो. चार महिन्यांनी कुणीतरी दुरुस्तीचा अर्ज करतो. कलम २३(४) मध्ये मात्र उल्लेख आहे तो क्लेमच्या आणि बचावाच्या निवेदनाचाच. रिजॉइंडरची तारीख धरून तुम्ही डायरीत नोंद कराल आणि समोरचा बचावाची तारीख धरून म्हणेल, ‘तुमची मुदत तीन महिन्यांपूर्वीच संपली.’ प्लीडिंगलाच ६ महिन्यांपेक्षा जास्त वेळ लागला असेल, तर सातव्या महिन्यापासूनच मोजा असाही आग्रह होतो.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो प्रकरणाच्या सुरुवातीलाच करायचा असतो. बचाव दाखल झाल्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत लवादांना विनंती करून रोजनाम्यात (बैठकीच्या कामकाजाच्या नोंदीत) एक वाक्य घालून घ्या:

‘कलम २३(४) प्रमाणे प्लीडिंग दिनांक २० जून २०२५ रोजी पूर्ण झाले असून कलम २९-ए(१) ची मुदत त्या तारखेपासून मोजण्यास उभय पक्ष सहमत आहेत.’

या एका ओळीने पुढचा निम्मा वाद मिटतो. जुन्या फाइलमध्ये अशी नोंद नसेल, तर शक्य असलेल्या तारखांपैकी सगळ्यात आधीची तारीख खरी माना आणि तिच्यावर बेतून पुढची कामं करा. नंतरची तारीख खरी ठरली तर चांगलंच, पण तिच्यावर विसंबून बसू नका.

दोन अपवाद लक्षात ठेवा. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक लवादाला, म्हणजे एक पक्ष परदेशी असलेल्या प्रकरणाला, २०१९ नंतर ही मुदत सक्तीची नाही. तिथे १२ महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न करावा, एवढंच कायदा म्हणतो. टाटा सन्स विरुद्ध शिवा इंडस्ट्रीज या २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हे ३० ऑगस्ट २०१९ ला प्रलंबित असलेल्या प्रकरणांनाही लागू केलं. दुसरा अपवाद कलम २९-बी खालच्या जलद प्रक्रियेचा. तिथे मुदत फक्त ६ महिन्यांची असते, मात्र ती वाढवण्याची पद्धत हीच.

फाइल जुनी असेल तर कोविडचा काळ वगळायला विसरू नका. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सुप्रीम कोर्टाने मुदतीतून वगळला. १० जानेवारी २०२२ च्या आदेशात कलम २३(४) आणि कलम २९-ए यांची नावं घेऊन उल्लेख आहे.

पायरी २: संमतीचे ६ महिने वेळेत आणि लेखी घ्या

कलम २९-ए(३) प्रमाणे दोन्ही पक्ष मिळून जास्तीत जास्त ६ महिने वाढवू शकतात. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. दोघांच्या सह्यांचं एक पत्र, दोन्ही वकिलांचे ईमेल किंवा रोजनाम्यात नोंदवलेली संमती, यांपैकी काहीही पुरतं. समोरचा सुनावणीला नियमित येतोय म्हणजे त्याची संमती आहेच, असा युक्तिवाद कोर्टात करता येतो. पण जे काम एका ईमेलने होतं, त्यासाठी युक्तिवादाची वेळ आणायचीच कशाला?

समोर सरकारी खातं किंवा महामंडळ असेल तर दोन महिने आधीच विषय काढा. त्यांचे वकील बैठकीत हमखास म्हणणार, ‘सूचना घेऊन सांगतो.’ मग फाइल कार्यकारी अभियंत्याकडून वर जाते, विधी शाखेचा अभिप्राय येतो आणि तोवर १२ महिने उलटून जातात. विरोध कुणाचाच नसतो, पण होकाराची सही करायला कुणी तयार नसतं.

नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे होतो. दोन्ही पक्ष राजी आहेत, लवादही राजी आहेत, मग आपणच आणखी ६ महिने वाढवू, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. संमतीने मिळणारे महिने एकूण ६, एकदाच. १८ महिन्यांनंतर सगळ्यांचं एकमत असलं तरी कोर्टाचा आदेश लागतो. एकमत असेल तर अर्ज संयुक्त करा किंवा समोरच्याचं ना-हरकतीचं प्रतिज्ञापत्र जोडा. काम लवकर होतं, पण अर्ज टळत नाही. उलट समोरचा संमती देत नसेल, तर ते ६ महिने संपायची वाट न पाहता १२ महिने संपण्याआधीच कोर्टात जाता येतं.

पायरी ३: योग्य कोर्ट निवडा

कलम २९-ए मध्ये ‘कोर्ट’ म्हणजे कोण, याचं उत्तर कलम २(१)(ई) देतं. देशांतर्गत लवादासाठी जिल्ह्यातलं मूळ अधिकार असलेलं प्रमुख दिवाणी न्यायालय किंवा ज्या हायकोर्टाला मूळ दिवाणी अधिकार (दावे पहिल्यांदा थेट चालवण्याचा) आहे ते हायकोर्ट. लवादाची सीट, म्हणजे करारात ठरलेलं कायदेशीर ठिकाण, मुंबईत असेल तर मुंबई हायकोर्टाची मूळ शाखा, पुण्यात असेल तर पुण्याचं जिल्हा न्यायालय. वाद व्यावसायिक असून ३ लाख रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याचा असेल, तर २०१५ चा व्यावसायिक न्यायालयांचा कायदाही लागतो. मग अर्ज कमर्शियल कोर्टापुढे किंवा हायकोर्टाच्या कमर्शियल डिव्हिजनपुढे जातो.

लवाद कलम ११ खाली हायकोर्टाने नेमले असतील तर मुदतवाढही हायकोर्टच देणार, असा समज बराच काळ होता आणि काही हायकोर्टांनी तशी भूमिकाही घेतली होती. मेघालयातल्या रस्त्याच्या कंत्राटाच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मे २०२४ मध्ये पुन्हा व्याख्येवरच बोट ठेवलं. २९-ए चा अधिकार कलम २(१)(ई) मधल्या कोर्टाचा आहे आणि मूळ दिवाणी अधिकार नसलेल्या हायकोर्टात हा अर्ज चालत नाही, असं सांगितलं. तेव्हा नेमणूक कुणी केली यापेक्षा सीट कुठे आहे, हे आधी पाहा. दाखल करण्याआधी आपल्या हायकोर्टाचा यावरचा अगदी ताजा निकालही उघडून वाचा. चुकीच्या कोर्टात अर्ज टाकला तर तो परत येईपर्यंत तीन-चार महिने जातात, आणि नेमके तेच आपल्याकडे नसतात.

करारात सीट आणि बैठकीचं ठिकाण वेगळं असू शकतं. सोयीसाठी सुनावण्या दिल्लीला झाल्या म्हणून दिल्लीचं कोर्ट लागू होत नाही. कलम ४२ चाही विचार करा. याच करारावर कलम ९ चा अंतरिम अर्ज आधी अधिकार असलेल्या एखाद्या कोर्टात झालेला असेल, तर पुढचे अर्जही तिथेच करायचे असतात. कलम ११ चा नेमणुकीचा अर्ज मात्र यात मोजत नाहीत.

पायरी ४: अर्ज कधी टाकायचा

मुदत संपण्याआधी टाका. दीड-दोन महिने आधी टाकला तर उत्तम. कलम २९-ए(४) च्या दुसऱ्या परंतुकाप्रमाणे अर्ज प्रलंबित असेपर्यंत लवादांचा अधिकार चालू राहतो, म्हणजे सुनावणीत खंड पडत नाही. अर्ज दाखल झाल्याची पावती किंवा फाइलिंग नंबर लवादांना आणि समोरच्या वकिलांना त्याच दिवशी ईमेलने पाठवा.

मुदत आधीच संपली असेल तर? घाबरायचं कारण नाही. कलम २९-ए(४) मध्येच मुदतीआधी किंवा मुदतीनंतर असे शब्द आहेत. तरीही मुदत संपल्यावर अर्ज चालतच नाही, असं कलकत्ता हायकोर्टाने म्हटलं होतं, तर मुंबई, दिल्लीसह इतर हायकोर्टांचं मत उलट होतं. रोहन बिल्डर्स विरुद्ध बर्जर पेंट्स या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १२ सप्टेंबर २०२४ ला हा वाद संपवला. मुदत संपल्यानंतरही अर्ज करता येतो, पुरेसं कारण मात्र दाखवावं लागतं.

या निकालाचा एक दुष्परिणाम दिसतो. ‘नंतरही चालतं ना, मग बघू’ अशी सवय लागलीये. मुदत संपली आणि अर्जही दाखल नाही, या मधल्या काळात लवाद हात बांधून बसलेले असतात. त्या काळात घेतलेल्या साक्षीवर नंतर आक्षेप येतो. आणि मुदतवाढ नसताना अवॉर्डवर सही झाली, तर कलम ३४ खाली आव्हान द्यायला समोरच्याला आयतं कारण मिळतं. लवाद उत्साहाने ‘अवॉर्ड तयारच आहे, पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणाले, तरी नम्रपणे थांबवा आणि आधी अर्ज टाका.

पायरी ५: अर्ज लिहिणं

अर्ज पक्षकारालाच करावा लागतो, लवादांना तो करता येत नाही. मुंबई हायकोर्टात तो कमर्शियल आर्बिट्रेशन पिटिशन म्हणून जातो, जिल्ह्यात दिवाणी किरकोळ अर्जासारखा. नाव काही असो, आत लागणारा ऐवज सारखाच:

- लवादाचं कलम असलेला करार
- नेमणुकीचं पत्र किंवा आदेश आणि लवादांना ते मिळाल्याचा पुरावा
- सगळे रोजनामे आणि प्रक्रियेचे आदेश, तारखेच्या क्रमाने
- संमतीने वाढवलेल्या मुदतीचा कागद
- पूर्वी कोर्टाने मुदत दिली असेल तर तो आदेश
- वकीलपत्र, प्रतिज्ञापत्र आणि कंपनीच्या वतीने सही करणाऱ्याचं अधिकारपत्र

क्लेमचं सगळं निवेदन, त्याची ४०० पानांची परिशिष्टं, साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं, हे जोडू नका. कोर्टाला तुमचा दावा खरा आहे का हे ठरवायचं नाहीये. वेळ कुठे गेला आणि आणखी किती लागेल, एवढंच पाहायचंय.

म्हणूनच अर्जाचं मर्म आहे तारखांचा तक्ता. डावीकडे तारीख, मध्ये काय झालं, उजवीकडे वेळ कुणामुळे गेला. शेवटचा रकाना बरेच जण गाळतात, कारण तो लिहिताना आपल्याही बाजूच्या तहकुबी दिसतात. तरी लिहा. रोजनामे कोर्टासमोर असणारच आहेत. आपण मागितलेल्या दोन तहकुबी आपणच सांगितल्या, तर समोरच्याने मागितलेल्या पाच तहकुबींवर कोर्टाचा विश्वास बसतो.

कारणांचा परिच्छेद कसा लिहायचा? ‘काही अपरिहार्य कारणांमुळे कामकाज पूर्ण होऊ शकले नाही’ हे वाक्य शेकडो अर्जांत असतं आणि त्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी असं काही:

‘दिनांक ४ सप्टेंबर २०२५ रोजी सामनेवाल्यांनी मोजमाप पुस्तिकांच्या तपासणीसाठी अर्ज केला. ११० मोजमाप पुस्तिकांची संयुक्त तपासणी दिनांक १२ डिसेंबर २०२५ रोजी पूर्ण झाली. या काळात साक्षी नोंदवता आल्या नाहीत. रोजनामा क्रमांक ९ ते १३ सोबत जोडले आहेत.’

काय झालं, किती वेळ गेला, आणि ते कोणत्या कागदावरून दिसतं, या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. प्रत्येक कारण याच पद्धतीने मांडा.

पुरेसं कारण म्हणून काय चालतं? लवादाचा मृत्यू किंवा राजीनामा आणि नव्या नेमणुकीत गेलेला वेळ, तज्ज्ञाचा अहवाल, कागदपत्रांचा मोठा पसारा, कलम १७ चे (लवादांकडे अंतरिम आदेशासाठी) मध्येच आलेले अर्ज, वरच्या कोर्टाची स्थगिती, तडजोडीची खरीखुरी बोलणी. काय अवघड जातं? वकिलांना दुसऱ्या कोर्टात काम होतं, हे सातव्यांदा सांगणं. तडजोडीची बोलणी म्हणत असाल तर निदान त्याचे चार ईमेल जोडा.

किती मुदत मागायची, याचाही हिशेब अर्जात असू द्या. क्लेमंटच्या एका आणि सामनेवाल्याच्या दोन साक्षीदारांची उलटतपासणी राहिली आहे. प्रत्येकाला दोन-तीन बैठका. लवाद महिन्याला दोन तारखा देतात. म्हणजे साक्षीला चार महिने, युक्तिवादाला दोन, अवॉर्ड लिहायला दोन. ८ महिने मागा. आकडा हवेतून काढलेला नाही हे दिसलं की तो कापायचा मोह न्यायाधीशांनाही होत नाही. तीन महिने मागून परत तीन महिन्यांनी यायचं, ही काटकसर महाग पडते.

विनंतीच्या परिच्छेदात दोन तारखा स्पष्ट लिहा. मुदत कधीपासून आणि कधीपर्यंत. आधीची मुदत २० डिसेंबरला संपली आणि आदेश मार्चमध्ये झाला, तर मधल्या तीन महिन्यांचं काय, हा प्रश्न उरायला नको. ‘दिनांक २० डिसेंबर २०२६ पासून दिनांक २० ऑगस्ट २०२७ पर्यंत’ असं लिहिलं तर आदेशही तसाच मिळण्याची शक्यता जास्त.

लवादांना पक्षकार करायची सहसा गरज नसते. त्यांच्या फीमध्ये कपात मागणार असाल तरच त्यांचं म्हणणं ऐकावं लागतं.

पायरी ६: सुनावणी

समोरच्याला नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न कोर्टाने करावा, असं कलम २९-ए(९) म्हणतं. बजावणी पक्की होत नाही तोवर हे दिवस मोजायलाच सुरुवात होत नाही. म्हणून ईमेल, कुरिअर, वकिलांमार्फत, सगळ्या मार्गांनी बजावणी करा आणि बजावणीचं प्रतिज्ञापत्र पहिल्या तारखेआधीच दाखल करा.

कोर्ट काय करू शकतं? अटी घालून किंवा न घालता मुदत वाढवू शकतं. विलंब लवादांमुळे झाला असेल तर त्या विलंबाच्या प्रत्येक महिन्यामागे ५ टक्क्यांपर्यंत फी कापू शकतं, मात्र लवादांना म्हणणं मांडायची संधी देऊनच. एक किंवा सगळे लवाद बदलू शकतं. अशा वेळी प्रकरण पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. आधीचा पुरावा तसाच धरून जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालतं. आणि वेळकाढूपणा करणाऱ्या पक्षावर कलम २९-ए(८) खाली दंडात्मक खर्चही बसवू शकतं.

याच कलमात लवादांसाठी एक बक्षीसही आहे. ६ महिन्यांत अवॉर्ड दिला तर पक्षांनी ठरवलेली जादा फी. आता प्लीडिंगलाच ६ महिने मिळतात म्हटल्यावर हे बक्षीस घेणारा लवाद विरळाच.

सुनावणीत दाव्याच्या गुणदोषांवर बोलायचा मोह आवरा. ‘त्यांचा क्लेमच खोटा आहे’ हे इथे गैरलागू. लवाद पक्षपाती आहेत ही तक्रार कलम १२ आणि १३ च्या वाटेने जाते. मुदतवाढीच्या अर्जात ती घुसडली की न्यायाधीश पहिला प्रश्न हाच विचारतात की इतके दिवस गप्प का बसलात.

तुम्ही समोरच्या बाजूला असाल तर

सामनेवाल्याच्या वकिलांना नुसता विरोध करावासा वाटतो, कारण उशीर त्यांच्या पक्षकाराच्या पथ्यावर पडतो. न्यायाधीशांनाही हे कळतं. दीड वर्ष चाललेलं, निम्म्या साक्षी झालेलं प्रकरण सोडून द्या म्हणणाऱ्या पक्षाला सहानुभूती मिळत नाही. त्यापेक्षा मुदत द्या, पण वेळापत्रक ठरवून द्या, क्लेमंटच्या तहकुबींचा खर्च आम्हाला द्या, यापुढे तहकुबी नको, असं मागा. हे बऱ्याचदा मिळतं आणि उपयोगीही पडतं. मुदतवाढीच्या आदेशावर कलम ३७ खाली अपील नाही, कारण त्या कलमाच्या यादीत २९-ए नाहीच. तेव्हा जे मागायचं ते इथेच मागा.

आदेश हातात आल्यावर

आदेशाची प्रत कोर्टाच्या संकेतस्थळावर आली की त्याच दिवशी लवादांना पाठवा आणि प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करून ठेवा. आदेशातली शेवटची तारीख वाचा, नुसते महिने मोजू नका. ‘आजपासून सहा महिने’ आणि ‘मुदत संपल्यापासून सहा महिने’ यांत कितीतरी आठवड्यांचा फरक असतो. आदेशात संदिग्धता असेल तर त्याच आठवड्यात स्पष्टीकरणासाठी प्रकरण पुन्हा बोर्डावर घ्या. अवॉर्ड झाल्यावर ते करत बसलात तर वाद वाढतो.

मग लवादांकडे एक छोटी बैठक मागा आणि शेवटच्या तारखेपासून मागे मोजत तक्ता ठरवा. अवॉर्ड लिहायला दोन महिने राखून ठेवा, कारण मुदत पाळली की नाही हे ठरतं ते अवॉर्डवर सही झाल्याच्या दिवसावरून, युक्तिवाद संपल्याच्या दिवसावरून नव्हे. तीन लवाद असतील तर तिघांच्या सह्यांसाठी आणखी पंधरा दिवस धरा. एखादे परगावी असतात, एखाद्याचं भिन्नमत असतं.

पुन्हा मुदत कमी पडली तर पुन्हा अर्ज करता येतो, किती वेळा करावा यावर कायद्यात बंधन नाही. फक्त दुसऱ्या अर्जासोबत पहिल्या आदेशानंतर ठरवलेलं वेळापत्रक जोडा आणि ते कोणत्या तारखेला, कुणामुळे मोडलं ते लिहा.